नकाशावर नसलेला ईस्ट बंगाल

पूर्व बंगाल नावाचा प्रांत आज जगाच्या नकाशावर कुठेही सापडत नाही. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा तो पाकिस्तानात गेला. १९५५ मध्ये त्याचं नाव बदलून पूर्व पाकिस्तान केलं गेलं आणि १९७१ मध्ये त्याचा बांगलादेश झाला. म्हणजे गेली सत्तर वर्षं या नावाचा प्रांत कुठल्याच सरकारच्या कागदावर नाही. पण कोलकात्यात मोठ्या फुटबॉल सामन्याच्या दिवशी गेलात, तर हजारो माणसं लाल-सोनेरी झेंडे घेऊन याच नावाचा जयजयकार करताना दिसतील. हा ईस्ट बंगाल म्हणजे एक फुटबॉल क्लब!

शाळेच्या पुस्तकात फाळणी दीड-दोन पानांत संपते. मीही वर्षानुवर्षं ती तशीच शिकवली. तारखा, करार, रॅडक्लिफ रेषा, निर्वासितांचे लोंढे, आणि मग पुढचा धडा. पण घरदार सोडून आलेली माणसं आपल्या गावाचं नाव पुढे कुठे ठेवतात, हा प्रश्न पुस्तकात नसतो. त्याचं एक उत्तर मला फुटबॉलच्या मैदानावर मिळालं. त्याविषयी बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

या गोष्टीची सुरुवात फाळणीच्या बरीच आधी होते. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवलं. अकरा जणांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. साहेबाला त्याच्याच खेळात हरवता येतं हे त्या दिवशी देशाने पाहिलं, आणि मोहन बागान हा नुसता क्लब न राहता राष्ट्राभिमानाचा विषय झाला. गंमत अशी की त्या अकरा जणांतले बरेच जण मूळचे पूर्व बंगालचे होते.

पण त्या काळच्या कोलकात्यात पूर्वेकडून आलेल्या माणसाला फारसा मान नव्हता. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ढाका, फरीदपूर, बरिशालकडची मंडळी शहरात येत. त्यांची बोली वेगळी, हेल वेगळा. शहरातले लोक त्यांना 'बांगाल' म्हणत. शब्दात 'गावंढळ' असा टोमणा होता. उलट बाजूने हे लोक पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांना 'घोटी' म्हणत. आपल्याकडे घाटावरचे आणि कोकणातले एकमेकांना जसे चिमटे काढतात, तसाच प्रकार. फक्त तिथे त्याला जरा जास्त धार होती.

जुलै १९२० मध्ये जोडाबागान क्लबचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागानने आपल्या शैलेश बोस या खेळाडूला ऐनवेळी संघातून वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्याला घेण्याचा आग्रह धरला, पण कोणी ऐकलं नाही. दोघेही पूर्व बंगालचे. आपल्याला पूर्वेकडचे म्हणून डावललं, ही बोच मनात घेऊन चौधरी बाहेर पडले आणि समविचारी मंडळींना घेऊन त्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी नवा क्लब काढला. नाव ठेवलं ईस्ट बंगाल. ज्या नावाने लोक हिणवत होते, तेच नाव त्यांनी छातीवर लावलं.

पुढचा रस्ताही सरळ नव्हता. कोलकाता लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनच भारतीय संघ असावेत असा तेव्हा नियम होता. तो बदलावा लागला तेव्हा १९२५ मध्ये ईस्ट बंगालला तिथे जागा मिळाली. त्याच वर्षी २८ मे रोजी मोहन बागानशी त्यांचा लीगमधला पहिला सामना झाला आणि नेपाळ चक्रवर्ती यांच्या एकमेव गोलवर ईस्ट बंगालने तो जिंकला. नंतर संघ खालच्या श्रेणीत घसरला. १९३० मध्ये वर येण्याची संधी आली, पण सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत लीग अर्धवट राहिली आणि बढती हुकली. तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी पेटत्या मशाली घेऊन मोर्चा काढला. आज क्लबच्या चिन्हावर जी मशाल दिसते ती तिथली. कुठल्याही राजचिन्हावरून ती घेतलेली नाही, चाहत्यांच्या हातातून आली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणजे फाळणी झाली तेव्हा हा क्लब सत्तावीस वर्षांचा होता. तो निर्वासितांनी काढलेला नाही. नाव आधीपासून होतं, त्याचा अर्थ मात्र १९४७ नंतर पार बदलून गेला.

सियालदह स्टेशनच्या फलाटांवर त्या काळी कुटुंबंच्या कुटुंबं पथारी टाकून राहत होती. १९५० मध्ये बरिशाल भागात दंगली उसळल्या आणि आणखी लोंढे आले. जादवपूर, बिजयगड, आझादगड अशा वसाहती शहराच्या दक्षिणेला उभ्या राहिल्या. रिकाम्या जमिनीवर रातोरात बांबू आणि चटयांच्या झोपड्या घालायच्या, पोलिसांनी पाडल्या की पुन्हा उभ्या करायच्या, असे ते दिवस. या माणसांचं घर गेलं, शेत गेलं, नदी गेली, शेजार गेला. नव्या शहरात त्यांची बोली चेष्टेचा विषय. अशा वेळी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर ठळक अक्षरांत त्यांच्या देशाचं नाव छापून येत होतं, आणि तेही विजेता म्हणून!

कारण नेमका तोच काळ ईस्ट बंगालच्या भरभराटीचा होता. १९४९ मध्ये त्यांनी कोलकाता लीग, आयएफए शील्ड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स चषक असे तिन्ही एकाच वर्षी जिंकले. शील्ड तर १९४९, १९५०, १९५१ अशी सलग तीन वर्षं. त्या संघाच्या पाच आघाडीवीरांना लोक 'पंच पांडव' म्हणत. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. नावं पुन्हा एकदा वाचा. यातला एकही बंगाली नाही! पाचही जण दक्षिण भारतातले. हिंदू-मुसलमान दंग्यांमुळे देशोधडीला लागलेली ही माणसं अहमद खान आणि सालेह यांच्या गोलवर आनंदाने रडत होती. फाळणीच्या धड्यात ही ओळ कुठे घालायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं ते पुष्कळ नंतर. आधी कळलं ते एका माणसामुळे. १९७५ च्या सुमारास मी कल्याणला नव्याने नोकरीला लागलो होतो. शेजारी रेल्वेत काम करणारे एक बंगाली गृहस्थ राहायचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते मला 'मास्टरमोशाय' म्हणायचे. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी 'तुम्ही'च म्हणायचे. वागायला शांत, हिशेबी. पण रोव्हर्स चषकासाठी ईस्ट बंगाल मुंबईत आला की दादांचा नूर पालटायचा. रजा टाकून ते कूपरेजला जायचे. एकदा मलाही घेऊन गेले.

बोरीबंदरहून चालत आम्ही कूपरेजला पोचलो तेव्हा सामन्याला तासभर अवकाश होता. समोर मुंबईचाच एक संघ होता, त्यामुळे बहुतेक प्रेक्षक विरुद्ध बाजूचे. पण एका कोपऱ्यात बंगाली मंडळी जमली होती. कोणी माझगाव गोदीतला, कोणी दादरच्या सोनाराच्या पेढीवरचा कारागीर, कोणी बँकेतला साहेब. एरवी ही माणसं एकमेकांशेजारी बसली नसती. दादा जागेवर बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना पहिला प्रश्न विचारला, "आपनार देश कोथाय?" तुमचा देश कुठला?

मला वाटलं, हा काय प्रश्न! आपण सगळे भारतात नाही का? पण दादा सहज म्हणाले, "बरिशाल." पलीकडचा म्हणाला, "फरीदपूर." मागून आवाज आला, "बिक्रमपूर." बंगालीत 'देश' म्हणजे मूळ गाव. आपण 'गाव कुठलं?' म्हणतो तसंच. पण त्या कोपऱ्यात मिळालेली सगळी उत्तरं सीमेपलीकडची होती. त्यातल्या बहुतेकांनी पंचवीस वर्षांत ते गाव पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहणार नव्हते. हजेरी घ्यावी तशी नावं उच्चारली जात होती. मग सामना सुरू झाला आणि ही हिशेबी माणसं घसा फोडून ओरडायला लागली.

परतताना गाडीत मी दादांना म्हटलं, "दादा, तुम्ही इतके चिडता हे मला ठाऊक नव्हतं."

ते म्हणाले, "मास्टरमोशाय, ऑफिसात ओरडता येत नाही, घरात ओरडायचं कोणावर? इथे ओरडलं तर कोणी विचारत नाही का ओरडता."

आता माशाविषयी. त्याशिवाय या चाहत्यांची गोष्ट पुरी होत नाही. ईस्ट बंगाल जिंकला की बांगाल घरात इलिश शिजायचा, मोहन बागान जिंकला की घोटी घरात मोठी कोलंबी. कोलकात्यात सामन्याच्या निकालावर बाजारात या दोन्हींचे भाव चढायचे असं सांगतात. इलिश म्हणजे हिल्सा, आपल्या कोकणात ज्याला पाला म्हणतात तो. पद्मा नदीचा इलिश हा पूर्व बंगालच्या माणसाचा अभिमान. चाहते मैदानावर इलिशची चित्रं घेऊन येतात ती त्यामुळे.

दादा जिंकल्याची बातमी वाचून हा मासा आणायला उल्हासनगरला जात. कारण कल्याण कॅम्पात, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, सिंधी निर्वासितांची वस्ती, आणि सिंधी माणसाचाही जीव याच माशावर! ते त्याला पल्लो म्हणतात. एकदा मी बरोबर होतो. माशांच्या टोपलीपाशी दादा आणि एक वयस्क सिंधी गृहस्थ यांच्यात मोडक्या हिंदीत जुंपली होती. हा म्हणे पद्मेच्या माशाला तोड नाही, तो म्हणे सिंधूचा खाल्ला नसेल तर काय खाल्लं? टोपलीतला मासा यातल्या कुठल्याच नदीचा नव्हता. शेवटी दोघांनी एक एक घेतला आणि हसत घरी गेले. एकाच फाळणीत देशाच्या दोन टोकांना उखडलेली ही दोन माणसं होती. सिंधचं नाव निदान राष्ट्रगीतात राहिलं. पूर्व बंगालचं राहिलं ते फुटबॉलमध्ये.

सत्तरच्या दशकातल्या कोलकात्यात सामन्याचा दिवस कसा असायचा? मैदान हा लष्कराच्या ताब्यातला विस्तीर्ण मोकळा भाग. तिथे क्लबांची आपापली मैदानं, लाकडी गॅलऱ्यांची. सकाळपासून तिकिटाच्या रांगा, त्यांना आवर घालणारे घोडेस्वार पोलीस. उपनगरी गाड्या भरभरून सियालदहला येत आणि तिथून धर्मतळ्याकडे माणसांचे थवे चालत. ज्यांना तिकीट मिळत नसे ते फोर्ट विल्यमच्या तटाच्या चढावर उभे राहून जमेल तेवढं बघत. कोणी पुठ्ठ्याची नळी आणि आरसे जोडून पेरिस्कोप करत आणि गर्दीच्या डोक्यांवरून सामना पाहत. उरलेले रेडिओपाशी, अजय बसू आणि पुष्पेन सरकार यांचं बंगाली धावतं समालोचन ऐकत.

त्या दशकात ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षं लीग जिंकली. १९७० च्या शील्ड अंतिम सामन्यात त्यांनी इराणच्या पास तेहरान संघाला १-० ने हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पेटवून ईडन गार्डनवर मशाली उजळल्या. १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यात तर मोहन बागानला ५-० अशी धूळ चारली.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला छान वाटते. पण इतिहास सांगायचा तर सगळा सांगितला पाहिजे. त्या ५-० नंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. आणि पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डनवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली, दोघांना बाहेर काढलं गेलं आणि गॅलरीत भडका उडाला. दोन्ही बाजूंचे चाहते एकत्रच बसले होते. दगड, चपला, हाणामारी, मग चेंगराचेंगरी. सोळा माणसं मेली. सकाळी घरून 'सामना बघून येतो' सांगून निघालेली माणसं. त्यांत लाल-सोनेरीवालेही होते आणि हिरव्या-मरूनवालेही.

तारखेचा योगायोग अंगावर काटा आणणारा आहे. १६ ऑगस्ट १९४६ ला याच शहरात 'डायरेक्ट ॲक्शन'च्या दंगली सुरू झाल्या होत्या आणि फाळणीचा रस्ता पक्का झाला होता. चौतीस वर्षांनी त्याच तारखेला, कोणतंही राजकीय कारण नसताना, लोकांनी एकमेकांना दगड मारले. उखडलेल्या माणसाला एक झेंडा मिळाला की आधार वाटतो हे खरं. पण त्या झेंड्याची काठीही होऊ शकते, हे त्या दिवशी दिसलं. कोलकात्यात १६ ऑगस्ट हा दिवस त्या सोळा जणांच्या आठवणीत फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात. रक्त सांडल्याच्या दिवशी रक्त द्यायचं, ही कल्पना मला फार आवडली.

त्यानंतर पुष्कळ बदललं. १९८४ मध्ये सॉल्ट लेकचं प्रचंड स्टेडियम झालं. तिथे १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते, आणि सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने तीन गोल करून मोहन बागानला ४-१ ने हरवलं. २००३ मध्ये जकार्तात ईस्ट बंगालने आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हा अंतिम सामन्यात गोल करणाऱ्यांत आपल्या गोव्याचा अल्विटो डिकुन्हा होता. १९८० मध्ये आलेला इराणी खेळाडू माजिद बिश्कर २०१९ मध्ये क्लबच्या शताब्दी सोहळ्यासाठी परत आला, तर म्हातारी माणसं त्याला बघायला लोटली. 'तुमचा देश कुठला' हा प्रश्न एकमेकांना विचारणाऱ्या या लोकांनी खेळाडूला मात्र तो कधी विचारला नाही.

मला शंका होती की हे सगळं आता नुसतं मनोरंजन उरलं असेल. आजच्या चाहत्याने पद्मा नदी पाहिलेली नाही, त्याच्या आजोबांनी पाहिली होती. घोटी-बांगाल लग्नं आता घरोघरी होतात. पण जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशभर वाद चालू असताना, मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या गॅलरीत एक भलामोठा फलक उघडला गेला. ही माती आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद दाखवून नाही, अशा अर्थाचा. त्या मताशी सहमत व्हा अगर होऊ नका. पण सत्तर वर्षांपूर्वीची सियालदहच्या फलाटावरची भीती नातवंडांपर्यंत पोचली आहे, हे त्यातून कळतं.

आणि मग ऑगस्ट २०२४. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. शहर पेटून उठलं. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना होता, तो बंदोबस्ताच्या कारणाने रद्द केला गेला. सामना नाही म्हटल्यावर चाहते घरी बसतील असं वाटलं असावं. पण दोन्ही क्लबांचे चाहते, त्यांच्या जोडीला मोहमेडन स्पोर्टिंगचेही, आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर जमले आणि त्या मुलीसाठी न्याय मागू लागले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एका संघाच्या चाहत्याच्या खांद्यावर दुसऱ्या संघाचा चाहता बसला आहे, असं छायाचित्र तेव्हा सगळीकडे पाहिलं गेलं. सोळा जणांच्या स्मृतिदिनाला तेव्हा दोनच दिवस झाले होते.

ते छायाचित्र मी बराच वेळ बघत बसलो. दादा आता नाहीत. असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा आधी, "खांद्यावर मोहन बागानवाला कशाला घेतला?" असं म्हणाले असते, आणि मग चष्मा पुसला असता.

सांगायचं एवढंच, की गर्दी म्हटलं की आपण शिकलेली माणसं नाक मुरडतो. पण गर्दीलाही आठवण असते. कधी ती दगड उचलते, कधी खांदा देते. धरणाखाली गाव गेलेली, गिरण्या बंद पडल्यावर चाळ सोडावी लागलेली माणसं आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या गावाचं नाव कुठल्या मंडळाला, कुठल्या भजनी संघाला, कुठल्या कबड्डीच्या संघाला दिलं आहे, हे कोणी लिहून ठेवलंय का? तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. मला वाचायला आवडेल.